पळसाच्या पानाखालचा शब्द

१९४६ सालचा माघ महिना. गावच्या कापसाच्या गाड्या हिंगोलीला गेल्या तो दिवस, दुपार.

हजर: ओसरीच्या खांबाला टेकून सासूबाई. भिंतीपाशी, कोळसा हातात घेऊन मी. तुरीच्या शेंगा सोलायला आलेल्या शेजारच्या जाऊबाई. भावकीतल्या आणखी तिघी, ज्यांना काही काम नव्हतं. तांड्यावरची एक बाई, जी मुलीला सोडायला आली आणि सावली बघून बसली. पोरं नऊ, त्यात एक पाळण्यात, म्हणजे शिकणारी आठ.

गैरहजर: कोतवाल सोडून गावातले सगळे पुरुष. ही नोंद सोडून चालणार नाही, कारण पुढचा घोळ तिच्यामुळेच झाला.

आधी शाळेबद्दल थोडं. माहेरी वाशीमला मला मराठी सातवीपर्यंत शिकवलं होतं. लग्न झालं आणि कनेरगावचा नाका ओलांडून मी निजामाच्या मुलखात आले, साखऱ्याच्या बाजूला एका लहानशा गावात. नाक्यावर करोडगिरीच्या शिपायाने माझी पेटी उघडली. लुगडी, चोळ्या, फणी आणि पहिलीचं एक पुस्तक. पुस्तकावर जकात बसते की नाही हे त्याला ठरवता येईना. त्याने ते उलटसुलट केलं, हुंगलं आणि परत ठेवलं.

गावात शाळा नव्हती. सरकारी शाळा होती ती लांब, आणि तिथं सगळं उर्दूत. दोन वर्षं मी घरातलं काम शिकले, तिसऱ्या वर्षी ओसरीवर पोरं गोळा केली. सासूबाई म्हणाल्या, "बसव. पण सारवण उकरलं तर पोरांसकट तुला हाकलीन."

पुस्तक एक आणि पोरं आठ. महिन्याभरात आठही जणांना अख्खं पुस्तक पाठ झालं. मला मोठा आनंद झाला. मग एक दिवस पाहिलं, एक मुलगा पुस्तक उलटं धरून घडाघडा वाचत होता. शेजारचा पोरगा त्याचं पान संपायच्या आत, पुस्तक न बघताच, पुढचं पान म्हणत होता. वाचत कुणीच नव्हतं. पोपट झाले होते सगळे.

मी पुस्तक पेटीत टाकलं. ओसरीची भिंत पांढऱ्या मातीने पोतारलेली होती. तिच्यावर कोळशाने एक वाक्य लिहिलं, मधला एक शब्द मोकळा ठेवला आणि त्या जागी शेणाच्या बोटाने पळसाचं पान चिकटवलं. पळसाला आमच्याकडे तोटा नाही. पोरांच्या पुढ्यात राख पसरलेली. त्या राखेत बोटाने तो शब्द लिहायचा. नियम एकच: जो शब्द बसतो तो बरोबर. माझ्या मनात कोणता शब्द होता त्याच्याशी कुणाला देणंघेणं नाही.

'मांजर पान पिते' असं लिहिलं, म्हणजे पानाच्या जागी शब्द घालायचा. दूध आलं, ताक आलं, एकाने 'आत्याचा चहा' असं लिहिलं. तो शब्द एक नव्हता, दोन होते, पण घटना खरी होती, म्हणून बरोबर धरलं. 'सकाळी उठून मी पान खातो' याला पाच जणांनी भाकर लिहिली, तिघांनी मार. पाठ केलेलं इथं उपयोगाला येत नव्हतं. अक्षर ओळखावं लागे, वाक्य समजावं लागे, आणि नवा शब्द स्वतः जुळवावा लागे. पंधरवड्यात जे झालं ते पुस्तकाने महिन्यात झालं नव्हतं.

खेळाचा तोटाही लौकरच कळला. एकदा मी लिहिलं, 'आजीच्या डब्यात पान आहे.' मला सुपारी अपेक्षित होती. सासूबाईंच्या धाकट्या नातवाने राखेत स्वच्छ अक्षरात 'खारका' लिहिलं. तो डबा सासूबाई कुलपात ठेवत आणि घरात विचारलं तर त्यात दुखण्याचं औषध आहे म्हणून सांगत. लहान दिरांनी त्या दिवशी औषध मागितलं. दुसऱ्या दिवसापासून सासूबाई वर्गाला रोज हजर राहू लागल्या. आपल्या माघारी भिंतीवर काय लिहिलं जातं आणि कोण काय भरतं, यावर लक्ष ठेवायला.

"काय वं लिहिलंस आज?" रोज विचारायच्या. मी वाचून दाखवायची. मग त्या डोळे बारीक करून भिंतीकडे बघत बसायच्या, मी खरं सांगितलं की नाही ते तपासल्यासारख्या.

तर त्या दिवशी भिंतीवर वाक्य होतं: 'आम्हाला पान पाहिजे.'

पोरं राखेवर वाकलेली असताना तट्टाच्या टापा वाजल्या. तालुक्याहून शाळाखात्याचे मुन्शीजी आले होते. शेरवानीला धूळ, डोक्यावर टोपी, मागे गावचा कोतवाल. इथं विनापरवाना मदरसा चालतो अशी कुणीतरी वर्दी दिली होती. कोण ते आजतागायत कळलं नाही. मला संशय आहे, पण संशय म्हणजे नोंद नव्हे.

आम्ही सगळ्यांनी पदर पुढे ओढले. कोतवाल तट्टाला वैरण आणायला म्हणून गेला आणि हुशार माणूस असल्यामुळे परत आलाच नाही.

मुन्शीजींना मराठी बोलता येत होतं. वाचताना मात्र ते एकेका अक्षरावर थांबत. भिंतीजवळ जाऊन त्यांनी वाचलं, "आम्... हाला..." मग पान आलं. पानापलीकडे, "पाहिजे."

ते वळले. "तुम्हाला काय पाहिजे?"

त्या दिवसांत भिंतीवर असं अर्धं वाक्य लिहिणं पूर्ण वाक्यापेक्षा धोक्याचं होतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

"पानाखाली काय छुपवलंय?"

"काही नाही," मी म्हटलं.

"काढा ते पान."

मी पान काढलं. खाली शेणाचा ठिपका होता. मुन्शीजींना तो ठिपका जास्तच संशयास्पद वाटला असावा.

"शब्द पोरांनी भरायचा असतो," मी सांगितलं.

"पोरांनी! म्हणजे ही आठ पोरं सांगणार, तुम्हाला काय पाहिजे ते? बराबर. सांगा रे."

पोरं घाबरली होती. पण राखेत लिहून झालेलं होतं आणि लिहिलेलं दाखवायची त्यांना घाई होती. मुन्शीजी एकेका पुढे वाकून वाचू लागले. पहिल्याने 'गूळ' लिहिलं होतं. दुसऱ्याने 'गूळ', पहिल्याचं बघून. तिसऱ्याने 'सुट्टी'. चौथीने 'भाऊ', तिला चार बहिणी होत्या. तांड्यावरच्या मुलीने 'पाणी' लिहिलं होतं. त्यांचा झरा तेव्हा आटला होता.

मुन्शीजी ते वाचून सरळ झाले आणि म्हणाले, "पाणी मलाही पाहिजे. सकाळपासून घशाला कोरड आहे."

जाऊबाईंनी तांब्या आणून ठेवला. ते पाणी प्यायले, बाजेवर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. आता निभावलं असं आम्हाला वाटलं. पण त्यांनी दौत आणि बोरू काढला.

"शिकवता हे दिसतंय. मी ते लिहीन. पण मुलं कुणाची, हे लिहावं लागतं. बापाचं नाव पाहिजे. बापाचं नाव नाही, म्हणजे बापाची रजामंदी नाही. म्हणजे मुलं अशीच गोळा केली. मग मला आजच ओसरी बंद करावी लागेल. नाइलाज आहे, बाई."

बंद म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. पोरं उद्या गुरांमागे, आणि तांड्यावरची मुलगी तर आजपासूनच. तिच्या आईने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, सरकारची तकलीफ झाली की तांड्याचा नायक पोरीला शाळेत ठेवणार नाही.

मुन्शीजींनी पहिल्या मुलाला विचारलं, "बेटा, बापाचं नाव काय?"

तो म्हणाला, "घरी न्हाईत."

"नाव विचारतोय."

"घरी न्हाईत, रानात गेले." अनोळखी माणसाने बापाबद्दल काहीही विचारलं की हेच सांगायचं, असं त्याला घरून शिकवलेलं होतं आणि त्याने ते चोख सांगितलं.

दुसऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "बा." तिसरा म्हणाला, "मालक." चौथीने फार विचार करून, "ऐकलं का."

मुन्शीजींनी बोरू खाली ठेवला. "या पोरांना बापाची नावं माहीत नाहीत?"

कुठून असणार? आई नवऱ्याचं नाव घेत नाही. आजी मुलाला लाडाच्या नावाने हाक मारते. भाऊबंद दादा, अण्णा, तात्या करतात. पाच-सहा वर्षांच्या पोराच्या कानावर बापाचं खरं नाव पडायला वावच नाही. तेव्हा मला एक गोष्ट दिसली. गाळलेल्या जागेचा खेळ मी या गावात आणला असं मला वाटत होतं, पण इथल्या बायका तो जन्मभर खेळत होत्या. आमच्या जाऊबाईंच्या नवऱ्याच्या नावात एका वाराचा देव होता, म्हणून त्या सोमवारलासुद्धा सोमवार म्हणत नसत. "रविवारच्या उद्याला बाजारला जाऊ" असं म्हणत. आणि साऱ्या गावाला ते बिनचूक समजे.

"बायांनो, तुम्ही सांगा," मुन्शीजी म्हणाले.

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि पदर दातात धरले.

"दुसरीच्या नवऱ्याचं तर सांगाल? तू तिच्या सांग, ती तुझ्या सांगेल."

"कसं सांगावं, मुन्शीजी?" जाऊबाई म्हणाल्या. "गाव सारं भावकीचं. हिचा नवरा माझा भासरा, थोरला दीर, माझा तिचा चुलत सासरा. एकबी नाव मोकळं न्हाई आमच्या तोंडाला."

"उखाण्यात घ्या. ऐकलंय मी, उखाण्यात चालतं."

"उखाण्याला हळदीकुंकू लागतं. तुमी काय नवरी घेऊन आलात?"

बायका हसल्या. मुन्शीजीही हसले, पण बोरू त्यांनी पुन्हा उचलला होता. त्यांनी शेवटी तांड्यावरच्या बाईकडे पाहिलं. ती भावकीतली नव्हती. तिला मनाई नव्हती.

ती म्हणाली, "मला काय ठावं? सात वर्सं झाली ह्या गावात कामाला येऊन राहिले. एकीनं तरी कधी नाव काढलं व्हय?"

मग मी उठले. पर्याय दुसरा नव्हता. भिंतीवर लिहिलं, 'माझ्या बापाचं नाव पान आहे,' पान चिकटवलं आणि म्हटलं, "आई खूण सांगेल, पोरानं शब्द भरायचा. आई नाव घेणार नाही, पोरगं लिहील, मुन्शीजी उतरवून घेतील."

मुन्शीजी म्हणाले, "ही कोणती रीत?"

"आमची रोजची," मी म्हटलं.

जाऊबाई पुढे झाल्या आणि मुलाला म्हणाल्या, "रविवारच्या उद्याचा देव कोणता रं? ज्याच्या डोस्क्यावर नदी हाय." पोराने राखेत लिहिलं. काना राहिला होता, तो मी डोळ्यांनी खुणावला. मुन्शीजींनी वाचलं, त्यांच्या लिपीत उतरवलं आणि मान डोलावली.

दुसरी उठली. "पारापाशी शेंदूर लावून उभे हायेत, त्यांचं." पोरीने लिहिलं.

तिसरी उठली, पदर सावरला आणि पाराकडे बोट केलं.

चौथी उठली. तिनेही पाराकडेच बोट केलं.

मुन्शीजींनी तीन ओळी पुन्हा वाचल्या. तीनदा तेच नाव. त्यांचा चेहरा गंभीर झाला. त्यांनी आवाज खाली आणून मला विचारलं, "बाई, या तिघींचा मालक एकच आहे?"

"अगं माय!" जाऊबाई किंचाळल्या. "देव एक हाय मुन्शीजी! मालक अलग अलग हायेत!"

"मग फरक कसा लिहू? आडनाव?"

"आडनाव तर साऱ्या गावाचं एकच."

"बापाचं नाव? यांच्या बापाचं?"

"म्हंजी सासऱ्याचं?" तिघींनी एकदम कान धरले. "जीभ झडून पडंल!"

पुढचा काही वेळ वेगळ्या खुणांत गेला. एकीचे ते उंच, दुसरीचे ते ज्यांना मागच्या साली बैलाने मारलं, तिसरीचे ते जे हसले की घर हादरतं. मुन्शीजींनी तिन्ही नावांपुढे ते तसंच्या तसं लिहिलं. सरकारी दप्तरात अशा तीन ओळी आहेत, याची मला खात्री आहे. तांड्यावरच्या मुलीला खुणेची गरजच पडली नाही. तिने बापाचं नाव सरळ लिहिलं आणि खाली आपलंही लिहिलं. ते कुणी विचारलं नव्हतं.

ज्यांच्या आया हजर नव्हत्या त्यांच्या खुणा बाकीच्यांनी दिल्या, आणि असं करत आठही पोरांचे बाप लागले. मुन्शीजींनी बोटांवर पुन्हा मोजले.

"आता एकच राहिलं. ओसरी कुणाची? घराचा कारभार कुणाच्या नावावर?"

सासऱ्यांनी कारभार आमच्या मालकांवर सोपवून दोन वर्षं झाली होती. म्हणजे नाव पाहिजे होतं ते माझ्या नवऱ्याचं.

पोरांना विचारलं. सगळ्यांनी आनंदाने, न चुकता, राखेत 'दादा' लिहिलं.

"मुलाचं नाव आईला घ्यायला मनाई नाही," मुन्शीजी सासूबाईंकडे वळून म्हणाले. एव्हाना ते या शास्त्रात बरेच तयार झाले होते. "तुम्ही सांगा."

"कसं सांगू?" सासूबाई म्हणाल्या. "त्याला आज्याचं नाव ठेवलेलं हाय. त्याचा आज्जा म्हंजी माझा सासरा. पाळण्यात बी मी त्याला नावानं हाक मारली न्हाई. बारशाला नणंदेनं कानात सांगितलं, तिथूनच ते नाव बंद हाय ह्या घरात."

मुन्शीजींनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही तर सातवी शिकलेल्या. तोंडानं नका घेऊ. लिहा. लिहायला कुणाची मनाई आहे?"

हे मात्र मला सुचलं नव्हतं. नाव घ्यायचं नाही असा नियम होता, लिहायचं नाही असा कुणी कधी केला नव्हता, कारण लिहिणारी सून त्या गावात आलीच नव्हती. मी कोळसा उचलला. भिंतीशी गेले. पहिल्या अक्षराची रेघ ओढणार, तोच मागून आवाज आला.

"थांब."

सासूबाई उभ्या राहिल्या होत्या.

"लिहू नको. मला वाचता येऊन राहिलं ना आता."

सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या.

"थोडं थोडं," त्या जरा लाजून, जरा रागावून म्हणाल्या. "रोज हितं बसून दुसरं काय करावं? तू लिहिशील, माझ्या नजरंपुढं येईल, आन् मनात तर म्हटल्या जाईलच. मनातलं कसं रोखावं माणसानं?"

मुन्शीजींना ते खरं वाटेना. त्यांनी पहिल्या पोरापुढच्या राखेकडे बोट केलं. तिथं अजून मघाचा शब्द होता. सासूबाई वाकल्या, डोळे बारीक केले. "गूळ," म्हणाल्या. मग भिंतीकडे, "माझ्या, बापाचं, नाव..." आणि पानापाशी थांबल्या. "हितं पान हाय," म्हणाल्या. माझ्या हातातला कोळसा तसाच राहिला. माझ्या हजेरीत आठ पोरं होती आणि नववं नाव मी कधी धरलंच नव्हतं.

मुन्शीजींनी बोरू पुसला.

"आता माझी अडचण ऐका," ते म्हणाले. "परवानगी द्यायची तर मालकाच्या नावानं. बंद करायचं तरी हुकूम मालकाच्याच नावानं निघतो. नाव नाही. मी देऊ कुणाला आणि बंद करू कुणाचं?"

"मग?"

"मालक आले की तालुक्याला येऊन नाव सांगून जाऊ द्या. मग पुढचं बघता येईल."

"आन् तवर?" सासूबाईंनी विचारलं.

मुन्शीजींनी टोपी डोक्यावर ठेवली. "तोवर जे चाललंय ते चाललंय. कागद अर्धा आहे, आजी. अर्ध्या कागदावर कुणी काही करत नाही." मग तट्टू स्वतःच सोडून, कोतवालाला शिव्या घालत ते पुसेगावच्या वाटेला लागले.

तिसऱ्या दिवशी गाड्या परत आल्या. मालकांना सगळा वृत्तांत सांगितला. ते म्हणाले, "त्यात काय? पुढच्या खेपेला जाऊन नाव सांगून येतो."

सासूबाई चुलीपुढून म्हणाल्या, "काहून जातोस? नाव सांगितलं की हुकूम निघंल. कोणता निघंल, हे कुणाला ठावं? न्हाई सांगितलं तर पोरं बसूनच राहिलीत की. बस गपचूप."

सासरे हसले आणि म्हणाले, "हिचं म्हणणं बराबर हाय." त्या घरात हे वाक्य क्वचित ऐकू येई, म्हणून तेही इथं नोंदते.

मालक गेले नाहीत. वर्ग चालू राहिला, ना परवानगीचा ना बंदीचा. पोरं वाढली, पळसाची पानं बदलत गेली. तांड्यावरची मुलगी दुसरं पुस्तक वाचू लागली आणि पाळण्यातलं पोर राखेत बसू लागलं, बहुधा खायला. मध्ये रझाकारांचे वाईट दिवस आले तेव्हा काही महिने ओसरी रिकामी होती. अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात निजामाचं राज्य गेलं, तेव्हा मराठी शाळा येणार असं लोक बोलू लागले आणि पुढे ती आलीही.

कामांची यादी करायची मला तेव्हापासून सवय आहे. झालेलं काम खोडायचं, राहिलेलं नव्या यादीत उतरवायचं. मुन्शीजी गेले त्या संध्याकाळच्या यादीत मी एक काम लिहिलं होतं: तालुक्याला जाऊन मालकांचं नाव सांगणे. ते खोडता येत नाही, कारण झालेलं नाही. मध्ये एकदा हिंगोलीला, तालुक्याच्या कचेरीत, दुसऱ्या कामाला गेलो होतो. तेव्हा मी मालकांना आठवण केली. ते म्हणाले, "शाळा तुझी, कागद तुझा, तूच जा सांगायला." मी उठून टेबलापर्यंत गेले. कारकुनाने मान वर करून विचारलं, "नाव?"

मी परत येऊन बाकावर बसले. या महिन्याच्या यादीत ते काम पुन्हा उतरवलं आहे.